धागा, लाख आणि तडा : वस्तू मोडते कशी, याचा इतिहास

(मालेगाव येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, ‘सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, हे फायबर, काँपोझिट वगैरे तुमच्याकडे कुठून आलं?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं, की हा विषय तत्त्वज्ञानाच्या वर्गात फार जुना आहे. न्याय-वैशेषिक शिकवायला घेतलं की पहिलं उदाहरण येतं ते तंतू आणि पट यांचं. तंतू म्हणजे धागा, पट म्हणजे कापड. आणि मालेगावच्या मुलांना धागा समजावून सांगावा लागत नाही. फळ्यावर ‘तंतुसंयोग’ हा शब्द लिहिला, की ज्याच्या घरी चार माग आहेत असा एखादा मुलगा ताणा कुठे, बाणा कुठे, हे सगळ्या वर्गाला सांगून टाकायचा.

आज त्याच धाग्याला धरून पुढे जायचं आहे. ‘तंतुप्रबलित संकरित मिश्र पदार्थ’ असं जड नाव पाठ्यपुस्तकांत असतं. आपण बोलताना सरळ ‘फायबर’ म्हणतो. फायबरचा दरवाजा, फायबरची नाव, फायबरचं हेल्मेट. (छपरावरच्या काळ्या टाकीलाही काही जण फायबरची म्हणतात, तिच्यात बहुधा धागाच नसतो, ते नुसतं प्लास्टिक.) खऱ्या फायबरमध्ये दोन गोष्टी असतात : काचेचा किंवा कार्बनचा बारीक धागा, आणि त्याला धरून ठेवणारं रेझिन. धागे एका जातीचे न वापरता दोन जातींचे वापरले, काच आणि कार्बन, किंवा ताग आणि काच, तर तो संकरित, हायब्रिड.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे रस्ता चुकायला नको. आपण कुठल्याही वस्तूबद्दल विचारतो, ‘मजबूत किती?’ हा प्रश्न अर्धा आहे. दुसरा अर्धा असा, की ‘मोडेल तेव्हा कशी मोडेल?’ आणि या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर धाग्यात नसतं, रेझिनमध्येही नसतं. ते दोघांच्या सांध्यात असतं. माणसाला हे कळत कळत कसं आलं, तो इतिहास आज पाहायचा.

गवत, दगड, लाकूड आणि लाख

सुरुवात न्यायसूत्रांपासून करू. वाद असा होता. बौद्ध म्हणायचे, कापड नावाची वेगळी वस्तूच नाही. आहेत ते धागे, आपण त्यांना कापड म्हणतो इतकंच. नैयायिक म्हणायचे, नाही, धाग्यांच्या संयोगातून कापड ही नवी वस्तू जन्माला येते. तिला त्यांनी ‘अवयवी’ म्हटलं. पुरावा काय? न्यायसूत्रांत एक पुरावा दिला आहे तो धारण आणि आकर्षण यांचा. कापडाचं एक टोक धरलं तर सगळं कापड धरलं जातं, एक टोक ओढलं तर सगळं ओढलं जातं. म्हणजे ते एक आहे.

आजच्या प्रयोगशाळेत काय करतात? नमुन्याचं एक टोक पकडीत धरतात, दुसरं ओढतात. धारण आणि आकर्षण!

पण खरी गंमत पुढे आहे. वात्स्यायन हा भाष्यकार, साधारण पाचव्या शतकातला. तो या पुराव्यावर शंका घेतो. तो म्हणतो, ओढलं की सगळं येतं हे ‘संग्रहा’मुळे, म्हणजे चिकटून राहण्याच्या गुणामुळे. ओल्या मडक्यात तो पाण्याच्या संयोगातून येतो, भाजलेल्या मडक्यात अग्नीमुळे. धुळीच्या ढिगाचं एक टोक धरून ढीग ओढता येत नाही. उलट गवत, दगड, लाकूड हे लाखेनं एकत्र चिकटवलं तर एक टोक ओढल्यावर सगळं येतं, तरी त्यातून नवी वस्तू झाली असं आपण म्हणत नाही.

हे उदाहरण जरा आजच्या डोळ्यांनी पाहा. गवत म्हणजे तंतू. लाख हे अस्सल नैसर्गिक रेझिन. म्हणजे मिश्र पदार्थाचं उदाहरण वादात आलं आहे आणि प्रश्नही नेमका तोच : ताकद अवयवांची, का त्यांना धरणाऱ्या गुणाची?

इथे एक सावधगिरी. यावरून ‘आमच्याकडे सगळं होतंच’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. वात्स्यायनानं काही मोजलं नाही, मोजायचं त्याच्या मनातही नव्हतं. वस्तू एक की अनेक, हा त्याचा प्रश्न. पण वैशेषिकांनी वस्तूच्या नाशाची जी पायरी-पायरीनं मांडणी केली, ती लक्षात ठेवा : अवयवात हालचाल, मग विभाग, मग संयोगाचा नाश, मग वस्तूचा नाश. धागा न तुटताही कापड मरू शकतं. संयोग गेला की झालं.

दोरापासून काचेपर्यंत

मोजायला सुरुवात झाली ती युरोपात. 1638 मध्ये गॅलिलिओचं दोन नव्या शास्त्रांवरचं पुस्तक लेडनला छापलं गेलं. त्यात संवादातली पात्रं एक साधा प्रश्न विचारतात. तागासारख्या तंतूचा तुकडा दोन-तीन हात लांब. मग त्याचा शंभर हात दोर इतका मजबूत कसा? तंतू तर मध्येच संपतात! उत्तर : पीळ. पिळामुळे तंतू एकमेकांना दाबून धरतात. आपल्या कापसाचा तंतू तर इंच-सव्वा इंचाचा. त्याच्यापासून मैलभर सूत निघतं ते पिळाच्या जोरावर. पुन्हा सांधाच.

पुढचा मोठा टप्पा थेट कापडगिरणीच्या जगातला आहे. 1926 मध्ये मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सूत उद्योगाच्या संशोधन संस्थेत, पिअर्स नावाच्या शास्त्रज्ञानं सुताच्या ताकदीवर लेख लिहिला. मुद्दा असा : साखळी तिच्या सगळ्यांत कच्च्या कडीइतकीच मजबूत. म्हणून सूत जितकं लांब, तितकी त्यात कच्ची जागा सापडण्याची शक्यता जास्त, आणि तितकं ते लवकर तुटणार. 1945 मध्ये डॅनियल्स या संख्याशास्त्रज्ञानं धाग्यांच्या जुडीचा हिशेब मांडला. शंभर धाग्यांच्या जुडीची ताकद एका धाग्याच्या सरासरी ताकदीच्या शंभरपट नसते, कमी असते. कारण कच्चे धागे आधी तुटतात आणि त्यांचा भार उरलेल्यांवर पडतो. विमानाच्या पंखाची ताकद मोजताना आज जे गणित वापरतात, त्याचं मूळ सुताच्या परीक्षेत आहे. मालेगावात हे अभिमानानं सांगायला हरकत नाही.

दरम्यान, ग्रिफिथ. फार्नबरोच्या विमान-संशोधन संस्थेतला तरुण इंजिनियर. 1920-21 च्या सुमारास त्यानं काच ओढून ओढून बारीक धागे केले आणि तोडून पाहिले. धागा जितका बारीक तितकी त्याची ताकद जास्त. अगदी बारीक धागा साध्या काचेच्या वीसपट मजबूत निघाला. काच तीच. मग फरक कशाचा? त्याचं म्हणणं, काचेत न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात. जाड काचेत मोठी चीर असायला जागा असते, बारीक धाग्यात नसते. आणि तडा पुढे सरकतो तो केव्हा, तर ताण सुटल्यामुळे मिळणारी ऊर्जा नवा पृष्ठभाग तयार करायला पुरेशी असते तेव्हा.

हे अवघड वाटलं तर कापडाच्या दुकानात जा. दुकानदार दोन मीटर मोजतो, काठाला कात्रीनं छोटा छेद देतो आणि टर्रकन फाडतो. छेदाशिवाय तेच कापड चार जणांनी ओढलं तरी फाटत नाही. ग्रिफिथचा सिद्धांत म्हणजे तो छेद.

तडा वळवायचा कसा?

आता कोडं असं. काचेचा धागा ठिसूळ. कडक झालेलं रेझिनही ठिसूळ. दोन ठिसूळ गोष्टी एकत्र केल्या तर दुप्पट ठिसूळ व्हायला हवं. होतं उलट. फायबरची नाव खडकावर आपटली तरी काचेच्या बाटलीसारखी फुटत नाही.

1964 मध्ये कुक आणि गॉर्डन यांनी याचं उत्तर मांडलं. तडा पुढे येत असताना त्याच्या टोकापुढे, त्याच्या दिशेतसुद्धा, थोडी ओढ असते. साधारण मुख्य ताणाच्या एक पंचमांश. तिथे धागा आणि रेझिन यांचा सांधा जर तेवढा कच्चा असेल, तर तडा पोचण्याआधीच तो सांधा सुटतो. तडा येऊन त्या फटीत पडतो आणि बोथट होतो, नाही तर धाग्याच्या बाजूनं वळतो. सरळ आरपार जायचं सोडून गल्लीबोळात हिंडत बसतो. प्रत्येक वळणावर त्याची ऊर्जा खर्च होते. धागे रेझिनमधून ओढून निघतात, त्यातही खर्च होते. म्हणजे पदार्थ चिवट होतो तो सांधा कच्चा असल्यामुळे!

पण मग सांधा अगदीच सैल ठेवावा का? तसं केलं तर भार एका धाग्यावरून दुसऱ्यावर जाणारच नाही. धुळीचा ढीग होईल. सांधा फार घट्ट केला तर सगळा एकच ठिसूळ दगड होईल, तडा सरळ आरपार. मधली जागा शोधावी लागते. ती कारखान्यात कशानं शोधतात, ठाऊक आहे? सायझिंगनं. हाच शब्द! आपल्याकडे ताण्याला खळ लावतात ती धागा मागावर घासून तुटू नये म्हणून. काचेच्या धाग्यालाही ओढल्या ओढल्या एक लेप देतात, तोही घासण्यापासून वाचवतो. शिवाय त्यात सिलेन नावाचं रसायन असतं, ते एका हातानं काच धरतं आणि दुसऱ्या हातानं रेझिन. लेप बदलला की सांधा बदलतो, आणि धागा तोच, रेझिन तेच असूनही वस्तूचं मोडणं बदलतं.

आपल्या भिंती

हे सगळं दूरच्या प्रयोगशाळेतलं वाटेल, म्हणून आपल्या भिंतींकडे येऊ. कसमादे आणि खानदेशात धाब्याची घरं होती, अजून काही आहेत. पांढऱ्या मातीत भुसा, काड, शेण घालून चिखल तुडवायचा, काही दिवस मुरू द्यायचा, मग भिंतीला, छताला लावायचा. माती वाळताना आकसते आणि भेगाळते. काडी त्या भेगेवर पुलासारखी आडवी राहते आणि एका मोठ्या भेगेच्या जागी शंभर बारीक भेगा पडतात. शंभर बारीक भेगांचं घर टिकतं, एका मोठ्या भेगेचं पडतं. वेरूळच्या लेण्यांत मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले, हे 2016 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं. अजिंठ्याच्या गिलाव्यातही भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू आहेत. चित्रं दिसतात सगळ्यांना, पण ती ज्याच्यावर उभी आहेत ते काँपोझिट आहे.

पण मातीच्या घरांबद्दल नुसतं गोड बोलून चालणार नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवा. किल्लारी. भूकंप जगाच्या हिशेबात फार मोठा नव्हता, माणसं मात्र हजारोंनी गेली. का? भिंती जाड, दगडाच्या, मातीत रचलेल्या. बाहेरचा दगडी थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये भर. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. वर माळवदाचं ओझं. हादरा बसला आणि दोन थर एकमेकांपासून सुटले; एक बाहेर पडला, एक आत, झोपलेल्या माणसांवर. मिश्र पदार्थांच्या शास्त्रात याला डीलॅमिनेशन म्हणतात, थर सुटणं. तिथला दगड कच्चा नव्हता. संयोग कच्चा होता. नंतर जुन्या भिंती वाचवायचा जो उपाय सुचवला गेला, तोही सांध्याचाच : भिंतीला आरपार भोक पाडा, सळई घाला, काँक्रीटनं भरा, दोन थर एकत्र शिवा.

आणि दुसरं टोक आपण रोज पाहतो. जुन्या मातीच्या भिंतीवर ‘मजबुती’साठी सिमेंटचा गिलावा. पहिलं वर्ष छान दिसतो. पण माती ओल घेते, सोडते, फुगते, आकसते. सिमेंट तिच्याबरोबर हलत नाही आणि ओल बाहेरही पडू देत नाही. चार पावसाळ्यांत पापुद्रा सुटतो आणि जाताना मातीचा थर सोबत घेऊन जातो. नारोशंकर राजेबहाद्दरांच्या किल्ल्यासारख्या जुन्या दगडी बांधकामांत चुना वापरायचे. चुन्याचा सांधा थोडं सरकू देतो, आणि पाणी मुरलं की त्याच्या बारीक भेगा बऱ्याचदा चुन्यानंच भरून येतात. तिथे सिमेंट भरणं म्हणजे तड्याला सरळ रस्ता करून देणं. किल्लारीत सांधा फार सैल होता. इथे आपण तो फार ताठ करतो. दोन्हीकडे दगड आणि माती बिचारे निर्दोष.

दोन जातींचे धागे

आता संकरित पदार्थ. त्याच्या इतिहासात एक मोठं अपयश आहे. 1960 च्या दशकात कार्बनचा धागा आला. हलका, ताठ, जबरदस्त मजबूत. रोल्स-रॉइस कंपनीनं आरबी-211 या विमान-इंजिनाच्या पुढच्या पंख्याची पाती त्याची करायचं ठरवलं. ओढून पाहिलं, उत्तम. मग 1970 मध्ये पक्षी आदळण्याची चाचणी झाली. त्यात ती पाती टिकली नाहीत. टायटॅनियमकडे वळावं लागलं. फेब्रुवारी 1971 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. कारणं इतरही होती, पण हे त्यातलं एक. ‘मजबूत किती’ याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. ‘मोडेल कशी’ याचं नव्हतं.

कार्बनचा धागा साधारण दीड टक्का ताणला की तुटतो. शंभर सेंटिमीटरला दीड सेंटिमीटर. काच त्याच्या दुप्पट-तिप्पट ताणते, पण ती ताठ नाही. दोन्ही एकत्र विणले तर? कार्बन तुटला तरी काच भार उचलून धरते. वस्तू एकदम जात नाही. कडकडते, वाकते, ताठपणा हरवते, आणि माणसाला वेळ मिळतो. 1972 मध्ये हायाशी या जपानी संशोधकानं आणखी एक गोष्ट नोंदवली. काचेच्या संगतीत असलेला कार्बन एकट्या कार्बनपेक्षा सुमारे चाळीस टक्के जास्त ताणल्यावर तुटला. कार्बन तोच! याला हायब्रिड परिणाम म्हणतात. त्याची दोन कारणं दिली जातात. एक, गरम साच्यातून थंड होताना काच जास्त आकसते आणि कार्बनला आधीच थोडं दाबून ठेवते. दुसरं, एक कार्बन तुटला की त्याचा धक्का शेजारच्या कार्बनला बसण्याऐवजी मधली काच झेलते, आणि तुटण्याची साथ पसरत नाही.

हे वाचलं तेव्हा मला नैयायिकांचं ‘चित्ररूप’ आठवलं. लाल, पिवळ्या, निळ्या धाग्यांचं कापड. त्याचा रंग कोणता? लाल म्हणता येत नाही, पिवळाही नाही. नैयायिक म्हणाले, त्या कापडाचा रंग ‘चित्र’, तो स्वतंत्र रंग मानावा. यावर शेकडो वर्षं वाद झाला. हायब्रिडची ताकदही अशीच आहे. ताठपणा बऱ्यापैकी सरळ बेरजेनं काढता येतो : इतका कार्बन, इतकी काच, टक्केवारीनं गुणा. मोडण्याचं वर्तन तसं निघत नाही. कुठला थर कुठे, शेजारी कोण, सांधा कसा, यावर ते ठरतं. तेवढ्यापुरता अवयवी सिद्ध झाला, असं मी मिस्कीलपणे म्हणेन.

ही दूरची गोष्ट नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या तुम्ही पाहिल्या असतील. अशी पाती काचतंतूंची असतात, आणि जगभर जिथे पाती फार लांब झाली तिथे मधल्या कण्यात कार्बन घालायला लागले आहेत. म्हणजे संकरित. नाशिकच्या रस्त्यावर ओझरला ज्या तेजस विमानाची जुळणी होते, त्याच्या सांगाड्यातही कार्बन-काँपोझिटचा वाटा मोठा आहे.

खंडपट

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत व्यवहाराचा. कापडातून एक धागा काढला तर ते जुनंच कापड राहतं का? नैयायिक म्हणतात, नाही. जुनं कापड नष्ट झालं. आता आहे तो ‘खंडपट’, वेगळी वस्तू. विद्यार्थी यावर हसायचे. दिसतं तर तेच!

पण काँपोझिटच्या बाबतीत हे हसण्यावारी नेता येत नाही. धातूवर हातोडी पडली तर पोचा दिसतो. काँपोझिटच्या पत्र्यावर पडली तर वरून जवळपास काही दिसत नाही, आणि आत थर सुटलेले असतात. दिसायला तोच पट, असतो खंडपट. त्याची दाबाखालची ताकद निम्म्यावर येऊ शकते. म्हणून विमानतळावरचा तंत्रज्ञ अजूनही नाण्यानं ठोकून पाहतो. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत फट. बाजारात मडकं घेताना आपली आजी हेच करायची.

तेव्हा मित्रहो, मागणं साधं आहे. घर दुरुस्त करताना मिस्त्री म्हणाला, ‘सर, एकदम मजबूत करून देतो,’ तर त्याला विचारा, जुन्या भिंतीबरोबर हे हलेल का? ओल कुठून बाहेर जाईल? आरपार दगड आहे का? भिंत ठोकून आवाज ऐका. फायबरचं हेल्मेट एकदा जोरात आपटलं असेल तर वरून चकचकीत दिसतं म्हणून मुलाच्या डोक्यावर घालू नका. तो खंडपट आहे. आणि तुमच्यातल्या ज्यांच्या घरी माग आहेत, ज्यांनी सायझिंगमध्ये काम केलं आहे, त्यांच्या मुलांनी या शास्त्राकडे वळावं. खळ किती पातळ, ताण किती, धागा कुठे तुटतो, हे ज्यांच्या बोटांना कळतं, त्यांना या विषयाचं अर्धं शिक्षण घरीच झालेलं असतं. राहिलेलं अर्धं गणित आहे. ते शिकता येतं.